कुड्याची साल, काढा आणि कोनेसिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमुक झाडाच्या सालीत जिवाणूंना रोखणारी संयुगे सापडली, अशा बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात आणि त्यांत आपल्या पांढऱ्या कुड्याचेही नाव येते. या बातम्या छापाव्यातच. मात्र सालीचा काढा आणि सालीतून वेगळे काढलेले शुद्ध संयुग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांत स्पष्ट लिहिलेले असावे, एवढ्यासाठी हे पत्र.

कोकणात अतिसारावर कुड्याचे पाळ, म्हणजे मूळ, ताकात उगाळून देण्याची रीत जुनी आहे आणि आयुर्वेदातील कुटजारिष्ट हे औषध कुड्याच्याच सालीपासून बनते. सालीतले कोनेसिन हे अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारे नायट्रोजनयुक्त संयुग) हेन्स या संशोधकांनी १८५८ मध्येच वेगळे केले होते. पुढे अमिबाजन्य आमांशावर ते शुद्ध रूपात वापरले गेले, पण निद्रानाश, चक्कर, अस्वस्थता असे मज्जासंस्थेवरचे दुष्परिणाम दिसल्याने ते मागे पडले. झाडापासून आलेले म्हणून निर्धोक, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवला पाहिजे.

आजच्या संशोधनातला खरा महत्त्वाचा भाग बातम्यांमधून बहुधा निसटतो. अनेक जिवाणूंच्या आवरणात असे प्रथिनांचे पंप असतात, जे आत शिरलेले प्रतिजैविक परिणाम करण्याआधीच बाहेर फेकतात. थायलंडमधील प्रिन्स ऑफ सोंगक्ला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की रुग्णालयांत गंभीर संसर्ग घडवणाऱ्या स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूतील असा पंप कोनेसिनमुळे अडतो आणि लेव्होफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन यांसारखी औषधे त्याच्यावर पुन्हा अधिक प्रभावी ठरतात. म्हणजे कोनेसिनचे मोल येथे स्वतंत्र औषध म्हणून कमी आणि हाताशी असलेल्या प्रतिजैविकांचा साथीदार म्हणून अधिक आहे. नवी प्रतिजैविके फार थोडी येत असताना मला ही दिशा अतिशय आशादायक वाटते. परंतु हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंवरचे आहेत. त्यांच्या आधारे कोणी प्रतिजैविक सोडून घरी काढा उकळू लागला, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून साल नेमकी कोणत्या झाडाची, तपासला तो अर्क की संयुग, आणि प्रयोग काचपात्रात झाला की रुग्णावर, हे बातमीत आलेच पाहिजे.

झाडाची ओळख तर विशेष जपायला हवी. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही वेगळी झाडे असून बाजारात एकाच्या जागी दुसऱ्याची साल खपते. काळ्या कुड्यात कोनेसिनची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

शिवाय बातमीमागून मागणी वाढते आणि उभ्या झाडांची साल सोलली जाते. खोडाभोवती पूर्ण गोलाकार साल काढली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड वाळते. कुड्याला बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, त्यामुळे खोड जमिनीलगत तोडून त्याची साल घेतली, तर तेच झाड पुन्हा वाढू शकते. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. त्यांनी आणि वन विभागाने साल गोळा करणाऱ्यांना ही पद्धत शिकवावी, आणि आपल्या दैनिकाने त्याचीही माहिती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चिपळूण