चालत्या संगणकाला भंगार म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. तेव्हापासून दुकानात येणारा जो तो मला एकच सल्ला देतो, हा डबा विका आणि नवीन घ्या. सांगलीत मार्केट यार्डाजवळ गेली २२ वर्षे मी डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने मांडण्याचे काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दोन दिवाळी अंक आणि वर्षाकाठी एखादे जाडजूड पुस्तक. माझा संगणक एचपी झेड ४२०. हे मॉडेल २०१२चे, मी ते २०१७ साली मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वापरलेले घेतले. २०१९च्या महापुरात गल्लीत पाणी शिरले, तेव्हा आधी हा संगणक आणि मग फाइलींची कपाटे वरच्या मजल्यावर नेली. या यंत्रावर माझे घर चालते, म्हणून हे पत्र.

गेल्या उन्हाळ्यात तो पीडीएफ बनवता बनवता बंद पडू लागला. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. आमच्या गल्लीत संगणक दुरुस्त करणारा मुलगा आहे. तो म्हणाला, "काकू, ह्याच्यावर आता पैसे घालू नका." मी म्हटले, आधी उघडून तर बघू. या मॉडेलची बाजूची झडप नुसती कडी ओढली की निघते, पेचकस लागत नाही. आत पाहतो तर पिवळट धुळीचा थर. वास घेतला, हळद! यार्डात हळदीचे सौदे चालतात, पोती उतरतात, ती भुकटी सात-आठ वर्षे आत जात होती. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धूळ घोंगडीसारखी घट्ट बसली होती. हवा जायला वाटच नव्हती. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप, वाळून भिंतीच्या जुन्या चुन्यासारखी नखाने सुटत होती.

ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे, नाहीतर ते उलटसुलट गरगरून बेअरिंग खराब होते, हे मी त्या मुलाकडूनच शिकले. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नवी मसुराच्या दाण्याएवढीच लावली. आधी काम करताना तापमान ९० अंशांच्या पुढे जायचे, ते ६५च्या आसपास थांबले. खर्च म्हणाल तर पेस्टची ट्यूब आणि एक दुपार.

मग मी हुरूप धरला. रॅम आठ जीबी होती, ती ३२ करायची ठरवली. इथे मात्र फसले. ऑनलाइन विक्रेत्याकडून 'सर्व्हरची ईसीसी रॅम' (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) स्वस्तात मागवली. बसवून बटण दाबले तर दिवा लाल लुकलुकतोय आणि पाच शिट्ट्या. पाच शिट्ट्या म्हणजे रॅमची तक्रार. झेड ४२० ला ईसीसी चालते, पण अनबफर्ड, म्हणजे मधली वेगळी चिप नसलेली. मला आलेली होती रजिस्टर्ड, म्हणजे ती चिप असलेली. दोन्ही डीडीआर३, दोन्ही त्याच खाचेत बसतात, फरक स्टिकरवरच्या एका अक्षराचा, ई की आर. विक्रेत्याने परत घेतली नाही. माझ्यासारख्या कुणाचे पैसे वाचावेत म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क बसवली, तेव्हा खरा फरक कळला. पूर्वी संगणक चालू करून मी चहा टाकायला जायची. आता खुर्ची ओढेपर्यंत स्क्रीन समोर असते. बोर्डावर जलद साटाची (डिस्क जोडायची) सॉकेट दोनच आहेत, एसएसडी त्यांतच लावावी. रोज सकाळी तारीख मागे जायची आणि बँकेची वेबसाइट उघडायची नाही, त्याचे कारण निघाले संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी. काही रुपयांची नाण्याएवढी बॅटरी बदलली, संपले.

आता राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. माझ्याकडे दोन्ही नाही. शिवाय माझे मराठी फॉन्ट जुन्या डोंगलवर (संगणकाला जोडायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतात आणि २० वर्षांचा मजकूर त्याच फॉन्टमध्ये आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत बदलायला गेले की 'दुसऱ्या'मधला ऱ्य तुटतो, रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो. चारशे पानांच्या पुस्तकात असे एक एक अक्षर शोधणे म्हणजे पुन्हा प्रूफ वाचणे. म्हणून दोन एसएसडी ठेवल्या. एकीवर विंडोज १०, फक्त मांडणीसाठी. तिथे नेटवर्क बंदच असते. दुसरीवर लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच पण मोफत प्रणाली, ईमेल आणि इंटरनेटला. विंडोजचे फास्ट स्टार्टअप (पटकन चालू होण्याची सोय) बंद ठेवावे लागते, नाहीतर लिनक्सला त्या डिस्कवर फाइल ठेवता येत नाही. दोन्हींमध्ये ये-जा करण्याची आठवड्याभरात सवय झाली. ज्यांना एवढे जमणार नाही, त्यांना मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय ठेवली आहे. तेवढ्यात घाईने नवीन घेण्याचा निर्णय तरी लांबवता येतो.

एक गोष्ट ठासून मांडायची आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. वस्तू किती सहज दुरुस्त होते याला गुण देणाऱ्या 'दुरुस्ती निर्देशांका'वरही समिती बसली आणि तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात प्राधान्य स्मार्टफोन आणि टॅबलेटला आहे. माझी मागणी आहे की त्यात डेस्कटॉपही यावा. कारण पोट त्यावर भरणारे माझ्यासारखे हजारो लोक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. कोणती रॅम चालते, कोणता पॉवर सप्लाय बसतो, सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे खोक्यावर मराठीतही छापलेले असावे. माझ्या वाया गेलेल्या रॅमची किंमत एका छापील ओळीने वाचली असती.

आपल्या वृत्तपत्रात नव्या मॉडेलांची पाने येतात. अर्धे पान जुने यंत्र उघडून साफ कसे करायचे यालाही द्यावे, ही विनंती. गेल्या महिन्यात त्या मुलाने आणि मी मिळून यार्डातल्या दोन अडत दुकानांचे संगणक असेच साफ केले. दोन्हीकडे तीच पिवळी धूळ निघाली. तिसऱ्याचे काम येत्या रविवारी आहे.

आपली नम्र,
एक डीटीपी व्यावसायिक, सांगली