घर बेकायदेशीर नाही, बाबा

क्लीव्हलँडजवळ, ओहायो
28 सप्टेंबर 2025

ती. बाबांना आणि ती. आईला साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. ऑफिसचं, जेवणाखाण्याचं तेच चाललंय, ते फोनवर झालंच आहे. आज लिहायला बसले ते बाबांसाठी. चिऊच्या तोंडून ‘नॉनकन्फॉर्मिंग’ हा शब्द तुमच्या कानावर गेला आणि तुम्हाला दोन रात्री झोप नाही, असं आई म्हणाली. बाबा, माझं घर बेकायदेशीर नाही. कुणी नोटीस चिकटवलेली नाही, कुणी पाडायला येणार नाही.

त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की इमारत आधीची आणि नियम नंतरचा. खाली बेकरी आणि वर मी राहते त्या दोन खोल्या, हे सगळं 1919 सालचं. कुठल्या गल्लीत काय असावं हे आखून देणारं झोनिंग आमच्या गावात त्यानंतर आलं. इथून वीस मिनिटांवर युक्लिड म्हणून गाव आहे. त्याचा खटला पार सुप्रीम कोर्टात गेला आणि राहत्या वस्तीत दुकानं-कारखाने नकोत असं गावाला ठरवता येतं, हे 1926 साली कोर्टाने मान्य केलं. पुढे देशभर हीच पद्धत रुजली. आमची गल्ली नकाशात ‘फक्त घरं’ अशी पडली, पण आधीपासूनच्या बेकरीला त्यामुळे उठवता येत नाही. तिने चालू राहावं, मात्र वाढू नये आणि बंद पडू नये. तुम्ही तर आयुष्यभर बिगरशेतीचे कागद पाहिलेत, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

घोळ झालाय तो बंद पडण्याचा. घरमालकीणबाईंचे यजमान आजारी पडले आणि गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये भट्टी विझली. मार्चमध्ये ते गेले. आता त्यांचा भाचा बेकरी पुन्हा सुरू करू म्हणतोय, तर एका शेजाऱ्याने हरकत घेतली की वर्ष उलटलं, हक्क संपला. ओहायोच्या कायद्यात ही मुदत दोन वर्षांची आहे, पण गावाला ती सहा महिन्यांपर्यंत खाली आणता येते. आमच्याकडे एक वर्ष आहे. त्याच कायद्यात एक शब्द आहे: ‘स्वेच्छेने’ बंद केलं तर. माणूस अंथरुणाला खिळला म्हणून बंद झालेलं दुकान स्वेच्छेने बंद झालं म्हणायचं का? सगळं त्या एका शब्दावर अडलंय.

हक्क गेला तर नव्याने परवानगी, आणि नव्याने म्हटलं की पार्किंग. आई, हे तुला नीट सांगते, कारण मलाही इथे दोन वर्षं राहूनच कळलं. इथे दुकान काढायचं तर गिऱ्हाइकं किती येतील हे दुकानदाराने ठरवायचं नाही. गाड्यांच्या जागा किती हव्यात ते नियमाच्या पुस्तकात आधीच लिहिलेलं असतं. केशकर्तनालयाला खुर्चीमागे इतक्या, चर्चला इतक्या आसनांमागे एक, बोलिंगला पट्ट्यामागे इतक्या. याच राज्यातल्या कोलंबसमध्ये 1923 साली फ्लॅटच्या इमारतींना अशी पहिली अट घातली गेली. एका गाडीची चौकट साधारण 9 बाय 18 फूट, आत-बाहेर करायची वाट धरली की 300 चौरस फुटांच्या वर. म्हणजे आपल्या माजघराहून मोठी जागा, एका उभ्या गाडीला! बेकरीला अशा सहा लागतील. त्या करायच्या तर मागचं परस डांबराखाली जाईल, आणि तिथलं सफरचंदाचं झाडही. यजमानांनी लग्नाच्या वर्षी लावलेलं.

आमच्या घराला पार्किंग नाहीच, आणि रात्री दोन ते सहा रस्त्यावर गाडी ठेवायची नाही. म्हणून मी सात मिनिटांवरच्या चर्चच्या आवारात ठेवते. परवा मोजलं. पांढऱ्या रेघांच्या 84 चौकटी आणि गाड्या तीन. रविवारची सकाळ सोडली तर असंच. पार्किंगची अशी सक्ती नको, हेच डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक जन्मभर सांगत राहिले, यंदा फेब्रुवारीत ते गेले. आमच्या ईरी सरोवराच्या त्या टोकाच्या बफलो शहराने 2017 सालीच पार्किंगच्या अटी काढून टाकल्या, तिथे काही आभाळ कोसळलं नाही. आमच्या गावाला कधी पटेल कोण जाणे, पण पटायला हवं.

आणि हो, चर्चपासून घरापर्यंत रस्ताभर दिवे आहेत, तेव्हा त्याची काळजी नको.

बेकरीच्या प्रकरणाची सुनावणी आजीच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी होती. कुणालाही उठून तीन मिनिटं बोलता येतं. मी बोलले. पाय लटपटत होते, पण भट्टीच्या ऊबदार भिंतीचा कोपरा आणि पहाटे जिन्यात येणारा पावाचा वास, एवढं सांगून बसले. निर्णय पुढच्या महिन्यावर गेला. घरी यायला अकरा झाले. तुमच्याकडे दहाला ताट वाढतील तेव्हा फोन लावू म्हणून टेकले, ती डोळा लागला तो लागलाच. सकाळी तुमचे चार मिस्ड कॉल. आजीच्या पानाला मी लांबूनही नमस्कार केला नाही, बाबा. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून जास्त लागलं.

विचाराल म्हणून सांगते, बेकरी सुरू झाली नाही तरी माझ्या भाड्याच्या कराराला मेपर्यंत धक्का नाही. त्यानंतर घरमालकीणबाई इमारत विकतील कदाचित. तेव्हाचं तेव्हा.

गच्चीच्या कामाचे 80 हजार पाठवलेत. सव्वा लाख म्हणाले होते, पण गाडी एकदा रस्त्यावर राहिली आणि उचलून नेली, त्यात आणि ब्रेकच्या कामात पैसे गेले. उरलेले जानेवारीत नक्की. चिऊच्या लग्नाला मी पाच दिवस आधी पोचते, जास्त रजा मिळत नाही. केळवणं मात्र माझ्यावाचून होतील. धाकटीचं आधी ठरलं म्हणून तुला जागोजागी उत्तरं द्यावी लागतात, आई, ते मला कळतं. तू पाठवलेला बायोडाटा वाचला. मुलगा सरळ वाटला. येत्या रविवारी त्याच्याशी बोलेन, वचन देते.

चिऊची साडी कुठल्या रंगाची घेतली ते फोटो काढून पाठव, म्हणजे मला तिच्याशी जुळणारं काही घेता येईल.

तुमची,
माई