पाडव्याच्या दिवशी मी का चिडले

कोथरूड, पुणे
रविवार, १४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीच्या पाडव्याला मी जे वागले त्याबद्दल फोनवर दोनदा क्षमा मागितली आणि दोन्ही वेळा तुम्ही "झालं गेलं, कामाचा ताण असतो" असे म्हणून विषय मिटवलात. तो ताण कामाचा नव्हता. खरे कारण बोलून दाखवण्याचा धीर होत नव्हता, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बसून लिहिते आहे. मी सतरा वर्षे सिगारेट ओढत होते आणि यंदाच्या दसऱ्याला ती सोडली. आज ७३ दिवस झाले.

आई, हे वाचून तुला काय वाटेल याची मला कल्पना आहे. मुलीने सिगारेट ओढावी याचे दुःख जितके असेल, त्याहून जास्त दुःख मी ते इतकी वर्षे लपवल्याचे असेल. मी स्वतःचे समर्थन करणार नाही. २००८ साली कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रबंधाची जागरणे सुरू होती, तेव्हा तिघी मैत्रिणींत मिळून एक अशी सुरुवात झाली आणि नोकरीला लागल्यावर दिवसाला दहाचे एक पाकीट कधी झाले ते मलाही कळले नाही. वाईला येताना मी पाकीट पुण्यातच ठेवून येत असे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझे डोके दुखायचे, मी माडीवर पडून राहायचे आणि तू सुंठ उगाळून कपाळाला लावायचीस. ती डोकेदुखी याचीच होती. तुझ्या हातची ती सुंठ खोट्या कारणासाठी लावून घेतली, हे मला सर्वांत जास्त टोचते.

बाबा, तुम्ही गणिताचे शिक्षक, म्हणून तुम्हाला कार्यकारणभाव नीट सांगते. धूर आत घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते आणि तिथे बरे वाटायला लावणारे द्रव्य सुटते. रक्तातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होत जाते. ते उतरू लागले की चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे सुरू होते. पुढची सिगारेट ओढली की ते सगळे शमते आणि माणसाला वाटते, हिच्यामुळे डोके शांत झाले. वास्तविक ती अस्वस्थता आधीच्या सिगारेटनेच निर्माण केलेली असते. हे गणित मला डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवले, तेव्हा मला सतरा वर्षांचा हिशेब एका पानावर दिसला. शेवटच्या सिगारेटनंतर दोन-तीन दिवसांत निकोटिन शरीरातून जवळजवळ निघून जाते आणि त्रास त्याच दिवसांत सर्वांत जास्त असतो. पुढे दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. मेंदूला मात्र निकोटिनवाचून चालवून घेण्याची सवय व्हायला आणखी काही आठवडे लागतात. पाडवा हा माझा विसावा दिवस होता. शरीराचा त्रास कमी झाला म्हणून आता आपण सुटलो, अशा समजुतीत मी वाईला आले होते.

तुमच्याकडे आल्यावर आई दर तासाला चहा विचारत होती. यातही एक गोष्ट होती, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून चहा-कॉफीतले कॅफीन लवकर निघून जाते आणि ती सोडल्यावर तेच कॅफीन जास्त वेळ रक्तात राहते. म्हणजे मी पूर्वीइतकाच चहा घेत होते आणि त्याचा परिणाम मात्र जास्त होत होता. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. त्या दिवशी पाचवा कप पुढे आला, तो मी ढकलला, चहा तुझ्या नव्या साडीवर सांडला आणि त्यावर "मला जरा एकटीला सोडाल का" असे मी ओरडले. आता दिवसाला दोनच कप घेते आणि झोप पुष्कळ सुधारली आहे. तेव्हा आई, तुझ्या चहाला मी नाही म्हटले तर राग मानू नकोस.

त्या दिवशी मी ओरडल्यावर बाबा काही बोलले नाहीत. ते उठून आत गेले आणि ती जुनी अ‍ॅल्युमिनियमची डबी आणून माझ्यासमोर ठेवली. एका बाजूला पूर्वी तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला चुना असायचा, आता दोन्हीकडे बडीशेप असते, ती डबी. बाबा, तुम्हाला कळले होते का? मी गेले दोन महिने हाच विचार करते आहे.

मला १९९४ साल आठवते. मी चौथीत होते, स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली होती. दाताच्या डॉक्टरांनी तुमच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दाखवला आणि तुम्ही त्या दिवशी तंबाखू सोडलीत. असे चट्टे पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतात हे मला मोठेपणी समजले. तेव्हा घरात कुणी काही बोलले नव्हते. मला एवढेच दिसत होते की बाबा बदलले आहेत. सत्तावीसचा पाढा म्हणताना मी "सत्तावीस साते" ला नेहमी अडखळायचे. एका संध्याकाळी तिसऱ्यांदा अडखळले, तेव्हा तुम्ही माझी वही अंगणात भिरकावलीत आणि चपला घालून गणपती घाटावर निघून गेलात ते जेवणाची वेळ टळून गेल्यावर परतलात. त्या महिन्यांत माझी अशी पक्की समजूत झाली होती की मी गणितात कच्ची आहे म्हणून बाबांना माझा राग येतो. तुम्ही घाटावर पायऱ्यांवर बसलेले असताना उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळहातावर घासत होतात, तळहात रिकामा होता, हे मी वरच्या कठड्याआडून पाहिले होते. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये एक सहकारी मला म्हणाली, की मी बोलताना पेन दोन बोटांत धरून ओठांजवळ नेते. त्या क्षणी तुमचा तो अंगठा माझ्या डोळ्यांसमोर आला. एकतीस वर्षांनी मला समजले की तो राग माझ्यावर नव्हता. पाडव्याचा माझा रागही तुमच्यावर नव्हता, हे तुम्हाला सांगण्याचा मार्ग मला तेव्हाच्या त्या घाटावरून मिळाला.

तलफ येते तेव्हा मी काय करते हेही सांगते, म्हणजे तुम्हाला माझी काळजी कमी वाटेल. आधी घसा कोरडा पडतो, मग छातीत काही तरी राहून गेल्यासारखे वाटते आणि मनात एकच वाक्य फिरू लागते, "एकच, मग नाही." डॉक्टर म्हणाले, तलफ काही मिनिटेच टिकते, ती भागवली नाही तरी जाते. मी घड्याळ लावून पाहिले, बहुतेक वेळा चार मिनिटे, क्वचित सहा. तेव्हापासून तलफ आली की मी एकविसापासून तिसापर्यंतचे पाढे मनातल्या मनात संथपणे म्हणते. दहा पाढे म्हणायला मला साधारण चार मिनिटे लागतात. सत्तावीस साते एकशे एकोणनव्वद, आता मी अडखळत नाही.

पहिले सहा आठवडे मी दोन मिलिग्रॅमची निकोटिनची गोळीही घेत होते. ती च्युइंगमसारखी असते, पण सतत चघळायची नसते. जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून धरायची, चव गेली की पुन्हा थोडी चावायची. मी पहिल्या दिवशी घाईने चघळली, तर उचक्या थांबेनात. तात्यांना, म्हणजे आपल्या शेजारच्या, तुम्ही सांगत असाल तर ही रीत नक्की सांगा. शिवाय सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत मदतीचा क्रमांक छापलेला असतो. मी रोज ते पाकीट हातात घेत होते आणि तो क्रमांक पहिल्यांदा वाचला तो सोडायच्या आदल्या दिवशी.

सेनापती बापट रस्त्यावर ऑफिसखाली जी टपरी आहे, तिथून मी पहिले तीन आठवडे गेलेच नाही, लांबून वळसा घालून जात असे. मग एकदा धीर करून मैत्रिणीबरोबर चहाला गेले, तर काकांनी सवयीने माझे पाकीट काढून ठेवले. "सोडली, काका," एवढेच म्हणाले. त्यांनी पाकीट आत सरकवले, बरणीतून आल्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. ज्यांचा संसार त्याच विक्रीवर चालतो, त्यांनी हे करावे याचे मला फार वाटले.

तलफेपेक्षा अवघड गोष्ट निराळीच निघाली. सिगारेट सुटल्यावर जुनी दुःखे वर येऊ लागली, आणि ती का येतात हे मला आधी कळेना. २०१७ साली आजी गेली तेव्हा मी दहा दिवस वाईला होते आणि रडले नाही. सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते. त्या वेळी मी पाकीट बरोबर आणले होते आणि रडू येईल असे वाटले की मागच्या दाराने नदीकडे जाऊन दोन सिगारेटी ओढून येत होते. गेल्या महिन्यात थंडी वाढली म्हणून तिने शिवलेली गोधडी ट्रंकेतून काढली. सिगारेट सोडली की वास पुन्हा नीट येऊ लागतात. डांबरगोळ्यांच्या वासाखाली तिच्या इरकली लुगड्याच्या तुकड्याला अजून तिच्या कपाटाचा वास होता. मी तासभर त्या गोधडीत तोंड खुपसून रडले. तुमचे जावई दाराशी येऊन परत गेले आणि मला तेच हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वेताळ टेकडीवर गेले, तेव्हा पुष्कळ मोकळे वाटत होते. टेकडीच्या चढावर आता दोनदा थांबावे लागते, पूर्वी चारदा थांबत असे. खोकला मात्र मधले काही दिवस वाढला होता, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा काम करू लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. आता तोही कमी आहे.

आता तुमच्याकडे दोन मागण्या. आई, रोज फोनवर "किती दिवस झाले" असे विचारू नकोस, कारण विचारले की त्या वस्तूची आठवण होते. मी आपणहून सांगेन. आणि एखाद्या दिवशी मी पुन्हा ओढली असे कानावर आले तर मला रागावू नका, मी दुसऱ्या दिवशी परत सोडीन. बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले आहे.

बाबा, तुम्हाला एक विचारायचे आहे. तुम्ही गोळी नाही, डॉक्टर नाही, कुणाशी बोलणे नाही, असे ते वर्ष कसे काढलेत? घाटावर बसून तुम्ही मनात काय म्हणत होतात? आणि आई, त्या वर्षी तू काय करत होतीस, तुला भीती वाटत होती का? आपण घरात या विषयावर एकदाही बोललो नाही. मला ते ऐकायचे आहे, आणि मला वाटते की तुम्हालाही ते कुणाला तरी सांगायचे असेल.

संक्रांतीला आम्ही तिघेही येतो आहोत. दोन दिवस रजा टाकली आहे. चहा मला अर्धा कप, सकाळी एकदाच दे. ती डबी मात्र भरून ठेवा, बडीशेपेत थोडा ओवाही घाला.

तुमची,
ताई