तांगुला स्टेशन दाखवणाऱ्या ताईंना थँक यू

ताई, चीनमधल्या शिनिंगहून ल्हासाला जाणाऱ्या गाडीत आमच्या डब्याच्या अटेंडंट तुम्ही होतात. बिल्ल्यावरचं नाव चिनीत, त्यामुळे ते काय वाचता आलं नाही, आणि हे मराठी पत्र तुमच्यापर्यंत पोचणारही नाही बहुतेक, पण आमच्या लोकांना तरी कळू दे म्हणून लिहितेय.

माझे बाबा कर्जत-लोणावळा घाटात गार्ड होते. ३७ ला १ चा चढ आणि मागून ढकलणारी बँकर इंजिनं, सगळी नोकरी त्यातच गेली, म्हणून जगातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, तांगुला, बघायचं हे त्यांचं जुनं खूळ. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास, तांगुला ५०६८, म्हणजे आठपट! डॉक्टरांना विचारून, गाडीतला तब्येतीचा फॉर्म भरून वगैरे आलो खरे, पण रात्री गोलमुड स्टेशन सुटून गाडी उंच चढायला लागल्यावर बाबांचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ, ओठ निळसर. डब्यात ऑक्सिजन सोडतात तो पुरेना. मी नुसती हाका मारत होते, तुम्ही धावत आलात, नळी आणून बर्थजवळच्या सॉकेटला लावलीत, नाकाने श्वास घ्या असं स्वतः करून दाखवलंत, आणि रात्रभर थोड्या थोड्या वेळाने येऊन बघत होतात, गरम पाणी न मागता आणून देत होतात. एवढ्या भरलेल्या डब्यात!

सकाळी बाबा एकदम फॉर्मात. रुळांच्या कडेला ते लोखंडी पाइप उभे असतात ना, खालची गोठलेली जमीन वितळू नये म्हणून तिच्यातली उष्णता बाहेर काढणारे, त्यावर मला लेक्चर सुरू, वितळली तर रूळच खचतील, म्हणून तर कितीतरी ठिकाणी भरावाऐवजी सरळ पूलच बांधलेत. त्यांना झोपा म्हणून सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

आणि मग तुम्ही आलात, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ५०६८ टाइप करून दाखवलंत. बाबा ताडकन उठले. नळी काढू की नको म्हणून मी घाबरलेली, तर तुम्ही आमचंच ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावून आकडा बघितलात, मान डोलावलीत आणि त्यांना हाताला धरून पॅसेजमधल्या घडीच्या सीटवर खिडकीशी बसवलंत. २००६ ला लाइन सुरू झाली तेव्हापासून हे बिनमाणसांचं स्टेशन, पॅसेंजरला दार उघडत नाहीत, लांबच लांब प्लॅटफॉर्म, त्यावर चिटपाखरू नाही आणि मागे बर्फाचे डोंगर. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर ते आम्हाला कळलंही नसतं. बाबांनी खिडकीतूनच हात बाहेर काढल्यासारखा करून हिरवा झेंडा दाखवायची ॲक्शन केली आणि तुम्ही जोरात हसलात, ते मला फार आवडलं.

लोणावळ्याच्या चिक्कीचं पाकीट त्या उंचीवर फुग्यासारखं टम्म फुगलेलं, तुम्ही ते घेईना झालात, शेवटी एक तुकडा घेतलात. घरी आल्यापासून बाबा ज्याला त्याला तुमच्याबद्दलच सांगतायत, स्टेशनबद्दल नंतर. फक्त गाडीला इंजिनं किती होती ते मोजायचं राहिलं म्हणून जरा नाराज आहेत, त्याला आता इलाज नाही.

थँक यू ताई, मनापासून.