दुचाकी हळू चालवण्याचाही सराव हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कासच्या फुलांचा हंगाम जवळ आला की साताऱ्यातून यवतेश्वर घाटाकडे दुचाकींची रीघ लागते आणि 'वेग आवरा', 'हेल्मेट वापरा' अशा सूचनांचे फलकही रस्त्याच्या कडेला दिसू लागतात. या सूचना योग्यच आहेत आणि त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. परंतु वेग कमी केल्यावर गाडी सावरायची कशी, हे आपल्याकडे कोणीच कोणाला शिकवत नाही. चालत्या माणसाच्या वेगाने दुचाकी नेणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, ते सरावानेच येते आणि ते नसल्यामुळे रोज अनेक जण संकटात सापडतात, याकडे आपल्या दैनिकातून प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे, मोटार प्रशिक्षण संस्थांचे आणि पालकांचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. यांतील बहुसंख्य अपघातांचे कारण अतिवेग असे नोंदवलेले आहे, हे मला मान्य आहे. तरीही वेगाचा आणि संथ चालवण्याचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा जवळचा आहे. ज्याला गर्दीत गाडी हळू नेता येत नाही, तो गाडी डगमगू नये म्हणून रेस देतो, चढावर थांबावे लागू नये म्हणून सिग्नल सुटायच्या आत घुसतो आणि एसटी व ट्रकच्या मधल्या फटीतून चटकन पुढे काढतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती बेफिकिरी वाटते. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात गाडी आडवी पडण्याची भीती असते.

दुचाकी थोड्या वेगात असली की ती बऱ्याच अंशी आपली आपणच सरळ राहते. गाडी एका बाजूला कलली की पुढचे चाक त्याच बाजूला किंचित वळते आणि गाडी पुन्हा उभी होते. चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही. वेग माणसाच्या चालण्याइतका उतरला की ही मदत जवळजवळ संपते आणि तोल सांभाळण्याचे सगळे काम हात, पाय, नजर आणि कंबर यांच्यावर येते. शंभर-सव्वाशे सीसीची साधी मोटरसायकलही एकशे दहा किलोच्या पुढे असते, तर साडेतीनशे सीसीची बुलेट दोनशे किलोच्या घरात जाते. एवढे वजन एका मर्यादेपलीकडे कलले की चांगल्या ताकदवान माणसाच्या पायालाही ते पेलत नाही.

समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्याने मी अनेक वर्षे दुचाकीवरून शाळेत ये-जा करते. या चढउतारावर सकाळच्या गर्दीत थोडा वेळ उभे राहून पाहिले तरी माझे म्हणणे लक्षात येईल. समोरची बस थांबते, मागचा स्कूटरस्वार दोन्ही पाय खाली सोडून जमिनीला घासत पुढे सरकू लागतो, बसला वळसा घालण्यासाठी हँडल उजवीकडे वळवतो आणि नेमका त्याच वेळी कोणीतरी आडवे आल्याने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबतो. हँडल वळलेले असताना पुढचे चाक अडले की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला धाडकन कोसळते. हे सारे घडते तेव्हा वेग ताशी पाच-सहा किलोमीटरही नसतो. बहुतेक वेळा खरचटण्यावर निभावते. पण पडणारा बसच्या मागच्या चाकाजवळ पडला, तर त्याचा वेग किती कमी होता याला काही अर्थ उरत नाही.

पाय खाली सोडण्याची ही सवय सर्वांत घातक आहे, असे मला वाटते. पाय लोंबकळत असले की आधार वाटतो, परंतु मोटरसायकलवर उजवा पाय खाली गेला म्हणजे मागचा ब्रेक हातचा गेला आणि उरला फक्त पुढचा, जो संथ वळणात वापरूच नये. शिवाय गुडघे टाकीपासून सुटल्यामुळे शरीराची गाडीवरची पकडही जाते. म्हणून सरावाची पहिली पायरी अगदी साधी आहे: मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय पायदानावर ठेवून, गाडी जितकी हळू नेता येईल तितकी सरळ रेषेत न्यायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि गणेशोत्सवात आपण संथ सायकल स्पर्धा घेतो, जिच्यात शेवटी पोचणारा जिंकतो आणि पाय टेकणारा बाद होतो. हा सराव त्याच स्पर्धेसारखा आहे.

मोटरसायकलवर हे साधण्यासाठी तीन गोष्टींचा मेळ लागतो. रेस थोडी आणि कायम एकसारखी ठेवायची, क्लच पूर्ण न सोडता अर्ध्यावर धरून त्याच्यानेच वेग कमी-जास्त करायचा आणि मागचा ब्रेक पायाने अगदी हलका दाबून ठेवायचा. इंजिन पुढे ओढते आहे आणि मागचा ब्रेक त्याला किंचित अडवतो आहे, अशा स्थितीत साखळी ताणलेली राहते, गाडीला हिसके बसत नाहीत आणि ती आश्चर्य वाटावे इतकी स्थिर होते. 'हाफ क्लचवर चालवू नका, प्लेटा जळतात' असे आपल्याला घरचे वडीलधारे आणि गॅरेजवालेही बजावत आलेले आहेत. लांबच्या चढावर जास्त रेस देऊन क्लच अर्ध्यावर धरून ठेवणाऱ्यासाठी हा सल्ला खरा आहे. मात्र आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि त्याच्या प्लेटांची उष्णता ते तेल वाहून नेते. कमी रेसवर, मधूनमधून विश्रांती देत केलेल्या सरावाने त्याचे नुकसान होत नाही. क्लच थोडा झिजला तरी प्लेटा बदलता येतात.

स्कूटरचे गणित वेगळे आहे आणि आज घराघरांत स्कूटर असल्यामुळे ते नीट समजून घेतले पाहिजे. स्कूटरला हाताचा क्लच नसतो. रेस पूर्ण सोडली की वेग उतरल्यावर इंजिनाची ओढ सुटते, गाडी नुसती गडगडत राहते आणि त्याच क्षणी डुलू लागते. म्हणून संथ वळणात रेस पूर्ण न सोडता थोडी चालू ठेवायची आणि डाव्या हाताचा ब्रेक हलकेच दाबून वेग आवरायचा. येथे एक सावधगिरी मात्र हवी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक यंत्रणा किंवा एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडू न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. संयुक्त यंत्रणेच्या स्कूटरवर डावा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक लागतो, आणि मोटरसायकलवर पायाच्या ब्रेकचे तेच होते. त्यामुळे 'मी तर मागचाच ब्रेक दाबला होता' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो; जोरात दाबल्यावर पुढचे चाकही अडते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आपल्या गाडीवर कोणता ब्रेक कुठे आणि किती लागतो, हे मैदानात दहा-पंधरा वेळा हळूहळू दाबून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

सरळ रेषा जमली की वळणे. दुपदरी डांबरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो. तेवढ्या अंतरावर चुन्याच्या दोन रेघा मारून त्यांच्या आत पाय न टेकता यू-टर्न घेता आला पाहिजे, मग ५.५ मीटरमध्ये. येथे सारा भर नजरेवर आहे. पुढच्या चाकाकडे किंवा खड्ड्याकडे पाहणाऱ्याची गाडी तिकडेच जाते. मान वळवून, हनुवटी खांद्याच्या रेषेत आणून, वळण जिथे संपणार तिकडे पाहिले की हात आपोआप तेवढेच हँडल वळवतात. शरीराचेही असेच आहे: वेगातल्या वळणात आपण गाडीबरोबर झुकतो, पण संथ वळणात गाडी आत झुकू द्यायची आणि स्वतः सरळ, किंवा किंचित बाहेरच्या बाजूला, बसायचे. हे वाचून पटत नाही, करून पाहिल्यावर लगेच पटते.

घाटातली गोष्ट याहून कठीण. यवतेश्वरच्या चढावर धुके आणि पाऊस असताना अरुंद वळणात समोरून मोठी गाडी आली, तर दुचाकीस्वाराला मध्येच थांबावे लागते. डाव्या वळणात आतली बाजू खोल असते. सवयीने डावा पाय टेकायला गेले की पाय जमिनीपर्यंत पोचण्याआधीच गाडी कलंडते. अशा जागी थांबण्यापूर्वी हँडल सरळ करून, पुढच्या ब्रेकवर गाडी धरून, उंच बाजूचा म्हणजे उजवा पाय टेकावा. पुन्हा निघताना ब्रेक न सोडता क्लच इतका उचलावा की इंजिनाचा आवाज किंचित जड होईल आणि गाडी पुढे जाण्यासाठी जोर करू लागेल, आणि मगच ब्रेक सोडावा. हा सराव आधी सौम्य चढावर, वाहतूक नसलेल्या ठिकाणी करावा.

डबलसीटचा विचार तर आपण करतच नाही. आपल्याकडे मागे बसणाऱ्या अनेक स्त्रिया साडी नेसलेल्या, एका बाजूला पाय सोडून बसलेल्या असतात आणि त्यांचे वजन डावीकडे येते. वेगात हे जाणवत नाही, पण वळून थांबताना गाडी डावीकडे ओढली जाते. एकट्याने सराव पक्का झाल्यावर घरातल्याच माणसाला मागे बसवून, मैदानात, पुन्हा सगळे पहिल्यापासून करून पाहावे. पुढे उभी केलेली लहान मुले आणि हँडलला अडकवलेल्या पिशव्या हँडल पूर्ण वळूच देत नाहीत, हेही या निमित्ताने लक्षात येईल. मुलांना तसे उभे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता परवान्याविषयी. शिकाऊ परवान्याची चाचणी घरबसल्या देता येते आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते. त्या चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घ्यायला लावतात, ती अतिशय योग्य आहे, कारण आठमध्ये डावे आणि उजवे अशी दोन्ही संथ वळणे येतात. दुर्दैवाने आपल्याकडे आठ म्हणजे चाचणीच्या आदल्या संध्याकाळी एकदाच गिरवायचा धडा झाला आहे. जपानमध्ये मोटरसायकलच्या परवान्यासाठी १५ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशा किंचित उंच पट्टीवरून गाडी न्यावी लागते. ४०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी ७ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर गुण कापले जातात, मोठ्या गाडीसाठी हीच मर्यादा १० सेकंदांची आहे, आणि पट्टीवरून चाक उतरले तर उमेदवार नापास होतो. घाई केल्याबद्दल गुण कापणारी ही चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. अशी पट्टी आखायला आपल्याकडेही खर्च येणार नाही.

आपल्या बहुतेक मोटार प्रशिक्षण संस्था चारचाकी शिकवतात. दुचाकी मुले वडिलांकडून, दादाकडून किंवा मैत्रिणीकडून शिकतात, म्हणजे शिकवणाऱ्याच्या चुकांसकट शिकतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती परवान्याआधीच गाडी देणाऱ्या पालकांना कायदा सांगून झालेला आहे. अठरा पूर्ण झाल्यावर तरी त्यांनी मुलामुलींना थेट रस्त्यावर न पाठवता आधी मैदानात न्यावे, हेल्मेट आणि पायात चपलेऐवजी बूट घालायला लावावेत आणि पडण्याची हौस फिटेपर्यंत नव्हे, तर पडणे थांबेपर्यंत सराव करून घ्यावा. मुलींच्या बाबतीत हे विशेष आग्रहाने सांगते. उंची कमी असल्याने गाडी झेपणार नाही, असे त्यांच्या मनावर बिंबवले जाते. वास्तविक दोन्ही पायांची बोटे टेकवण्यापेक्षा सीटवर थोडे एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकवला, तर कमी उंचीच्या मुलीलाही गाडी व्यवस्थित उभी धरता येते.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होते, हेल्मेट घालून दुचाकी फेरी निघते, शपथ घेतली जाते. त्याच अभियानात परिवहन कार्यालयाने आणि वाहतूक पोलिसांनी महाविद्यालयांच्या मैदानांवर संथ दुचाकी स्पर्धा घ्याव्यात, गणेश मंडळांनीही संथ सायकलच्या जोडीला त्या घ्याव्यात, असे मी सुचवते. मात्र त्याआधी, कासचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या काही रविवारी सकाळी दोन तासांसाठी एखादे मैदान किंवा बाजार समितीचे मोकळे आवार नगरपालिकेने उपलब्ध करून द्यावे, एवढी विनंती आहे. आखणीसाठी चुना, दोरी आणि प्लास्टिकचे शंकू आणण्याची तयारी आमच्या शाळेतील काही शिक्षकांनी दाखवली आहे. वाहतूक शाखेने एक अनुभवी कर्मचारी पाठवावा आणि प्रथमोपचाराची पेटी सोबत द्यावी.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, सातारा