वाईजवळच्या मेणवलीचा वाडा दाखवणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. आभार मानले तेव्हा "त्यात काय एवढं?" म्हणून तुम्ही तिथेच विषय उडवून लावला होता. पण आमच्या घरात अजून तुमचंच नाव चालू आहे, म्हणून हे उघड पत्र.

काचबिंदूने बाबांची नजर गेली, इतिहासाचं वेड मात्र आहे तसंच आहे. मेणवलीच्या आधी त्यांना एका मोठ्या, नावाजलेल्या संग्रहालयात नेलं होतं. तिथल्या माणसाने बाबांच्या काठीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "यांना दिसत नाही ना? मग आणलंत कशाला?" बाबा शेजारीच उभे. कान शाबूत आहेत हो त्यांचे! घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. एसी होता तिथे, चकचकीत फरशी होती. माणुसकी तेवढी अंदाजपत्रकात बसली नसावी.

त्यामुळे तुमच्या दारात मी भांडायच्या तयारीनेच उभी होते. "त्यांना दिसत नाही..." असं मी सुरू केलं, तर तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. थेट बाबांना म्हणालात, "आबा, आधी काय करायचं? वाडा का घाट?"

किती दिवसांनी कुणीतरी त्यांना काही विचारलं! आम्ही घरचेसुद्धा हल्ली सगळं परस्पर ठरवतो. बाबा ताठ झाले आणि म्हणाले, "वाडा."

नाना फडणवीसांचा तो सहा चौकांचा वाडा, त्यात उंबरे हे एवढे उंच. प्रत्येक दाराशी तुम्ही थांबायचात आणि बाबांचा हात चौकटीवर ठेवायचात. पुढचं ते स्वतः करत. ओढणं नाही, ढकलणं नाही, "सांभाळून, सांभाळून" हा घोषा तर नाहीच. भिंतीवरच्या चित्रांपाशी मात्र तुम्ही त्यांचा हात अडवलात. "इथं नको आबा, रंग सुटतो. मी सांगतो." आणि कोपऱ्यात कुठे पोपडा गेलाय, इथपर्यंत सांगितलंत. दया येऊन नियम मोडणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही नियम पाळलात आणि बाबांचा मानही राखलात.

बाबांची सगळी नोकरी हिशेबाच्या वह्यांत गेली, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न अर्थातच "दप्तर कुठं असायचं?" मग इतिहाससंशोधक पारसनिसांनी उजेडात आणलेल्या नानांच्या कागदपत्रांवर, म्हणजे मेणवली दप्तरावर तुमची दोघांची जी जुंपली, त्यात मला कुणी विचारतच नव्हतं. खाली कृष्णेच्या घाटावर त्यांनी तुम्हाला घंटेची गोष्ट ऐकवली. 1739 ची वसईची मोहीम, चिमाजीअप्पा, तिथून आलेली ही पोर्तुगीज घंटा. रोज पाहुण्यांना हेच सांगणारे तुम्ही! तरी "असं होय?" म्हणत शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मोठ्या पदव्या असलेल्यांनाही हे जमत नाही, दादा. त्यांना आधी स्वतःचंच सांगायचं असतं.

निघताना पैसे द्यायला गेले तर तुम्ही रागावलात, म्हणून तो विषय पुन्हा काढत नाही. बाबांचा निरोप तेवढा पोचवते. पाऊस सरला की ते येणार आहेत आणि दप्तराबद्दलचं तुमचं म्हणणं त्यांना अजिबात मान्य नाही. सध्या रोज संध्याकाळी माझ्याकडून पुस्तकं वाचून घेत मुद्दे गोळा करताहेत. तुम्हीही तयारीत राहा.

आपली,
आबांची मुलगी