कात्रीत सापडलेल्या मुली

प्रिय शमे,

तुझ्या दोन पत्रांची उत्तरं राहिली आहेत, त्यामुळे आधी शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. माझी तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत.

आज लिहायला बसले कारण वाचनालयाच्या बालविभागात एक ठराव आलाय आणि तो ऐकताक्षणी तूच आठवलीस. जुन्या गाजलेल्या बालपुस्तकांतल्या मुली रडूबाई आहेत, घरकाम करतात, कुणीतरी सोडवायला यायची वाट बघतात. म्हणून जुनी पूर्ण भाषांतरं कपाटातून काढायची आणि 'सुधारित संक्षिप्त' संच आणायचा. तक्रार मला पुष्कळशी पटते. उपायाने मात्र झोप उडाली आहे, कारण कितीतरी मुलींना रडूबाई केलंय ते मूळ लेखकापेक्षा संक्षेप करणाऱ्याने.

गेर्डाच घे. डॅनिश लेखक अँडरसनच्या 'स्नो क्वीन'ची ती नायिका. ही गोष्ट १८४४ची, सात गोष्टींची मिळून एक गोष्ट. दुसऱ्या गोष्टीत तिच्या मित्राला, काईला, हिमराणी घेऊन जाते आणि तिसरीपासून ही पोरगी चालायला लागते. लाल बूट नदीला देऊन टाकते. फुलांच्या बागेतली म्हातारी तिला सगळं विसरायला लावते, तिथून ती निसटते. कावळ्याकडून माहिती काढते, राजवाड्यात शिरते, दरोडेखोरांच्या तावडीत सापडते. मग ती सुरा उशाशी घेऊन झोपणारी दरोडेखोराची मुलगी! तीच गेर्डाला रेनडिअर देऊन सोडते. पुढे लॅपलँडची बाई सुक्या माशावर निरोप लिहून देते, तो घेऊन गेर्डा फिनलँडच्या बाईकडे पोचते. हिला बारा पुरुषांचं बळ दे, असं रेनडिअर त्या बाईला विनवतो, तेव्हा ती म्हणते, हिच्यात आहे त्याहून जास्त बळ मी देऊ शकत नाही. अख्ख्या वाटेवर मदत करणाऱ्यांत बायकाच जास्त.

आता हे चोवीस पानांत बसव. आधी काय उडणार? सुरा आहे म्हणून दरोडेखोराची मुलगी जाणार. 'पुन्हा तेच तेच' म्हणून दोन्ही बायका जाणार. उरतं काय, तर काई हरवला, गेर्डा हिमराणीच्या राजवाड्यात पोचली, तिच्या आसवांनी त्याच्या काळजातला बर्फ वितळला. चालणं गेलं आणि रडणं राहिलं. मग आपणच बैठकीत म्हणायचं की अँडरसनची नायिका रडकी!

लाल टोपीवालीचंही तेच. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या पुस्तकात लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते. जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी १८१२मध्ये तिला सोडवायला शिकारी आणला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. पण ग्रिमांच्या त्याच गोष्टीला पुढे एक शेपूट आहे. दुसरा लांडगा भेटतो, ह्या वेळी मुलगी थांबत नाही, तडक आजीकडे जाते. दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर दबा धरून बसतो, तेव्हा आजी तिला सॉसेज उकडलेलं पाणी दारापुढच्या दगडी कुंडात ओतायला लावते. वासाने लांडगा वाकतो, घसरतो आणि बुडून मरतो. एकदा फसलेली मुलगी दुसऱ्यांदा फसत नाही, एवढं सरळ. हा तुकडा छोट्या आवृत्त्यांत क्वचितच दिसतो, कारण शिकाऱ्यापाशी गोष्ट 'पूर्ण' वाटते.

ह्यात कुणाचा दुष्टावा नसतो, आणि ते जास्त वाईट आहे. संक्षेप करणारा सुरुवात, संकट आणि सुटका ठेवतो. प्रवास, संवाद आणि दुसरा प्रयत्न कापतो. जुन्या गोष्टींत मुलींच्या हाती तलवार नसतेच. त्यांची करामत बोलण्यात, पटवण्यात, वाट तुडवण्यात, पुन्हा करून बघण्यात असते. म्हणजे कात्री नेमकी तिथेच चालते. आपल्या 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक'मधून म्हातारीची बोलणी काढली तर मागे नुसता घरंगळणारा भोपळा उरेल.

पूर्ण पुस्तकं निर्दोष आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांचा घात शेवटच्या पाव भागात होतो. 'सीक्रेट गार्डन' (१९११) उघड. बंद बागेची किल्ली मेरीला सापडते, रात्री रडण्याचा आवाज शोधत तीच जाते, अंथरुणाला खिळलेल्या कॉलिनला खोलीबाहेर काढते तीही तीच. शेवटी कॉलिन धावत येऊन बापाला सांगतो काय, तर मी शर्यतीत मेरीला हरवू शकतो! आणि पुस्तकाचे अगदी शेवटचे शब्दही त्याच्याच नावाचे आहेत. 'शार्लट्स वेब'मध्ये (१९५२) पहिल्याच प्रकरणात विल्बर नावाच्या डुकराच्या पिल्लाला वाचवायला फर्न ही मुलगी बापाच्या हातातली कुऱ्हाड धरते, आणि पुढे विल्बरच्या गौरवाच्या वेळी तिचा जीव हेन्री नावाच्या मुलाबरोबर जत्रेतल्या पाळण्यात बसण्यात अडकलेला. तिथे पुस्तक तोलून धरते ती शार्लट नावाची कोळीण. ती जाळ्यात चार वेळा अक्षरं विणते आणि एक जीव वाचवते.

आणि जो. हो, येतेय त्यावर, बाही सरसावू नकोस! ती ज्या 'लिटल विमेन'ची लेखिका व्हायला निघालेली नायिका, त्याचा पहिला भाग १८६८चा, दुसरा १८६९चा. मधल्या काळात वाचक मुलींची पत्रं आली की कुणाचं लग्न कुणाशी होणार. लेखिका अल्कॉट चिडली, जो आणि तिचा शेजारी मित्र लॉरी ह्यांचं लग्न लावणार नाही म्हणाली. तिला जो अविवाहित लेखिकाच राहायला हवी होती. शेवटी प्रोफेसर बेअर आला. तू कायम म्हणतेस, लग्नात वाईट काय? लग्नाबद्दल माझी तक्रार नव्हतीच, शमे. बेअरचं मत ऐकून जो आपल्या सनसनाटी कथा चुलीत घालते, ते मला आजही सहन होत नाही. ह्या मुद्द्यावर आपण आणखी वीस वर्षं भांडू, पण भांडता येतं ते त्या पानावर ती चूल आहे म्हणून. सुधारित आवृत्तीतून ती गेली तर भांडायचं कशावर?

शब्द बदलून काय होतं तेही बघ. २०२३मध्ये रोआल्ड डालची पुस्तकं सुधारली. 'द विचेस'मध्ये (१९८३) चेटकीण दुकानात गल्ल्यावर बसत असेल किंवा एखाद्या व्यावसायिकाची पत्रं टाइप करत असेल असं होतं. तिथे ती मोठी शास्त्रज्ञ असेल किंवा स्वतःचा व्यवसाय चालवत असेल असं केलं. वाक्य आजचं झालं, पण बायकांना तेव्हा कुठली कामं सहज चिकटवली जात, हे मुलाला आता दिसणारच नाही. ओरड झाल्यावर प्रकाशकांना मूळ आवृत्तीही चालू ठेवावी लागली. एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'ची भाषा २०१०मध्ये बदलली होती, तीही २०१६मध्ये मागे घेतली.

बैठकीत कुणीतरी आकडे आणणार. २०११च्या एका अमेरिकी अभ्यासात १९०० ते २००० मधली ५,६१८ बालपुस्तकं तपासली होती. दर वर्षीच्या सरासरीने ५७ टक्के पुस्तकांत केंद्रस्थानी पुरुषपात्र, ३१ टक्क्यांत स्त्रीपात्र. प्राण्यांत तर नर २३ आणि मादी साडेसात टक्के. आकडे खरे आहेत आणि बोचतात. पण डोकी मोजून कोण काय करतं ते कळत नाही, म्हणून मी वेगळी मोजणी मांडणार आहे.

मूळ आणि संक्षिप्त, दोन्ही प्रती समोर ठेवायच्या. मुलगी कर्ता असलेलं प्रत्येक वाक्य पेन्सिलीने खुणवायचं. ठरवते, विचारते, जाते, उघडते, फसवते ही क्रियापदं एका रकान्यात. रडते, घाबरते, वाट बघते, सुंदर दिसते ही दुसऱ्यात. नुसत्या आकड्यांची तुलना करायची नाही, कारण छोट्या प्रतीत सगळंच कमी असणार. पहिल्या रकान्याचं एकूण खुणांशी प्रमाण काढायचं. शेवटचा पाव भाग वेगळा मोजायचा, नाहीतर मेरीसारखी पुस्तकं उत्तम गुणांनी पास होतात. 'मुलं निघाली', 'सगळ्यांनी ठरवलं' अशी वाक्यं तिसऱ्या रकान्यात, कारण संक्षेपात मुलीने एकटीने केलेलं काम बऱ्याचदा ह्या 'सगळ्यां'त विरघळतं. प्राण्यांना वेगळा कागद: मराठीत ससा पुल्लिंगी आणि मुंगी स्त्रीलिंगी आधीच ठरलेली, तिथे व्याकरणाचा दोष लेखकाच्या माथी मारायला नको. चित्रांत पुढे कोण उभं आहे आणि कंदील, नकाशा, किल्ली कुणाच्या हातात आहे तेवढंच बघायचं.

ज्या संक्षिप्त प्रतीत पहिल्या रकान्याचं प्रमाण मूळापेक्षा घसरलं, ती घ्यायची नाही. पूर्ण पुस्तकं कपाटात राहतील आणि वाचून दाखवताना शेवटच्या प्रकरणाआधी थांबायचं, 'आता कुणी काय करायला हवं?' एवढंच विचारायचं. शेवट वाचल्यावर उपदेश केला की मुलं जांभया देतात. आधी विचारलं तर मेरी कुठे गेली हे तीच विचारतात.

तुझ्याकडे गेर्डाचं ते जुनं पूर्ण भाषांतर अजून आहे ना? मला पाठव, जपून वापरीन. आणि 'सुधारित'च्या बाजूने तुझं जे काय म्हणणं असेल ते सगळं लिही, एकही मुद्दा गाळू नकोस. तिथे तुझ्याइतकं तयारीने भांडणारं कुणी नाही, मला सराव हवाय.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटीचा निकाल लागला का? घराचं काम उरकलं असेल तर नवा पत्ता कळव. भाऊजींना नमस्कार. बैठक महिनाअखेरीस आहे, त्याआधी उत्तर टाक.

तुझी,
कुंदा